हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा भुकटी : पाकिटावर न लिहिलेली वेळ

कृषी सेवा केंद्रात ‘ट्रायकोडर्मा विरिडी १ टक्का डब्ल्यूपी’ या नावाने मिळणारी, ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची, शंखजिऱ्यात मिसळलेली फिकट हिरवट भुकटी मी लातूर भागातील आमच्या काळ्या जमिनीत हरभऱ्यासाठी अनेक हंगाम वापरत आले आहे. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी ही भुकटी बियाण्याला लावली तर तिचे पैसे निश्चित वसूल होतात. रोपांनी माना टाकल्यावर आळवणीतून, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतून, दिली तर त्या रोपांसाठी तिचा जवळजवळ काहीही उपयोग होत नाही. पाकीट तेच, बुरशी तीच आणि जमीनही तीच असताना इतका फरक का पडतो, याचे उत्तर मर रोगाच्या बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचा बियाण्यासारखा सूक्ष्म कण, जमिनीत केव्हा आणि कशामुळे रुजतो यात आहे. पाकिटावरील माहितीपत्रकात नेमके तेवढेच लिहिलेले नाही, आणि हे परीक्षण लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण याच प्रमाणाची भुकटी अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेले बरेचसे सगळ्यांनाच लागू पडते. मी घेतलेले पाकीट एक किलोचे होते आणि त्याची किंमत दोनशे रुपयांच्या आत होती. आतली पिशवी जाड प्लास्टिकची व नीट सील केलेली होती, भुकटीत गुठळ्या नव्हत्या आणि वास मातकट होता. उत्पादनाची तारीख, अंतिम तारीख आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट छापलेले होते. ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजकण (बीजाणू) असल्याचे लिहिले होते; नोंदणीच्या नियमांनुसार अशा भुकटीत किमान तेवढे असावेच लागतात. वापराच्या सूचनांत बियाण्याला किलोमागे ४ ते ५ ग्रॅम, शेणखतात मिसळून जमिनीत आणि पाण्यातून आळवणी असे तीन मार्ग एकाखाली एक, जणू तिन्ही सारख्याच मोलाचे असल्याप्रमाणे दिले होते. माझा पहिला आक्षेप याच मांडणीला आहे.

हरभऱ्याचा मर रोग ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीच्या हरभऱ्यावर जगणाऱ्या प्रकारामुळे होतो. पिकाचे अवशेष कुजले की ही बुरशी जाड भिंतीचे, अन्न साठवलेले बीजाणू मागे ठेवते. त्यांना क्लॅमिडोस्पोअर म्हणतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत हवारे, नेने आणि नटराजन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हरभरा न घेताही ही बुरशी जमिनीत सहा वर्षे टिकते असे दाखवले. हवारे आणि नेने यांनी त्याआधी, १९८२ साली, तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांतही ही बुरशी कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकते हे दाखवून दिले होते. आमच्याकडे तुरीशिवाय शेती नाही, त्यामुळे ‘दोन वर्षे हरभरा थांबवा, मर जाईल’ हा सल्ला ज्याला मिळाला असेल त्याने ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवून पाहावीत.

सहा वर्षे एवढासा बीजाणू मातीत करतो काय? तो रुजत नाही, आणि टिकून राहण्याचे रहस्य त्या न रुजण्यातच आहे. माती ओली असते, उबदार असते, हवा असते, तरीही बहुतेक बुरशींचे बीजाणू नैसर्गिक मातीत रुजत नाहीत. हीच माती निर्जंतुक केली तर मात्र रुजतात. डॉब्स आणि हिन्सन यांनी १९५३ साली हे निरीक्षण मांडले आणि मातीच्या या गुणाला बुरशीरोधकता म्हटले गेले. पुढे अमेरिकेत लॉकवूड यांनी त्याचे जे स्पष्टीकरण दिले ते शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मातीतील असंख्य जिवाणू उपलब्ध साखर आणि अमिनो आम्ले इतक्या वेगाने खाऊन टाकतात की बीजाणूभोवती काही शिल्लकच राहत नाही. उलट बीजाणूच्या आतले अन्नही हळूहळू पाझरून बाहेर जाते. काही सूक्ष्मजीवांनी सोडलेली रोधक द्रव्येही यात भर घालतात. बीजाणू अन्नाच्या टंचाईने थांबलेला असतो, आणि टंचाई जिथे क्षणभर मिटते तिथेच तो रुजतो.

ही टंचाई मिटवणारी गोष्ट आपणच पेरतो. हरभऱ्याचा कोरडा दाणा ओल्या मातीत पडला की पाणी शोषून घेतो. त्या पहिल्या काही तासांत त्याच्या पेशींची आवरणे अजून पूर्ववत झालेली नसतात, म्हणून साखर, अमिनो आम्ले आणि इतर द्रव्ये दाण्यातून बाहेर झिरपतात. दाण्याभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत अचानक मुबलक अन्न येते आणि तेवढ्या टापूतील बुरशीरोधकता मोडते. नंतर मूळ फुटल्यावर त्याच्या टोकामागच्या लांब होणाऱ्या भागातून आणि जिथे उपमुळे बाहेर पडतात त्या फटींतून हाच झिरपा सुरू राहतो. अमेरिकेत बर्कली येथे श्रॉथ आणि स्नायडर यांनी १९६१ साली घेवड्याच्या मूळकुजीच्या फ्युजेरियमवर काम करताना असेच पाहिले होते, की क्लॅमिडोस्पोअर बियाण्याच्या आणि मुळाच्या झिरप्याजवळ रुजतात, झिरपा नसलेल्या मातीत तसेच पडून राहतात. चार वर्षांनी कुक आणि श्रॉथ यांनी त्या बीजाणूंना रुजण्यासाठी बाहेरून कर्ब आणि नत्र अशा दोन्ही स्वरूपांतील अन्न लागते हे दाखवले. ओलावा आणि ऊब पुरेशी असेल तर संदेश मिळाल्यापासून दिवसभराच्या आत बीजाणूतून नळी बाहेर पडते. पुढचा प्रवासही दिशाहीन नसतो. टोमॅटोवरील फ्युजेरियमचा अभ्यास करणाऱ्या स्पेनमधील संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले की मुळातून बाहेर पडणाऱ्या पेरॉक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) दिशेने बुरशीचे तंतू वळतात.

आता पाकिटातील भुकटीचा विचार करावा. तिच्यातील ट्रायकोडर्माही बीजाणूच्याच रूपात आहे, आणि त्यालाही मातीत तीच टंचाई भोगावी लागते. कोरडी भुकटी मातीवर टाकली म्हणजे बुरशी लगेच कामाला लागली, असे होत नाही. तिलाही रुजायला अन्न लागते आणि अन्न मिळाल्यावरही सुमारे अर्धा दिवस जातो. म्हणजे पेरणीनंतर दाण्याभोवती दोन बुरशींची शर्यत लागते, आणि जी आधी जागी झाली व दाण्याला अधिक जवळ होती तिला अन्न मिळते. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढून त्यांना खाऊ शकते हे वाइन्डलिंग यांनी १९३२ सालीच दाखवले होते आणि माहितीपत्रकातले चित्रही त्याचेच आहे. परंतु हरभऱ्याच्या बियाण्याजवळ तिचे पहिले काम मला त्याहून साधे वाटते : झिरपा शत्रूपर्यंत पोहोचण्याआधी स्वतः खाणे. हे काम वेळेवर झाले तर फ्युजेरियमच्या बीजाणूला अन्न आल्याचे कळतच नाही.

म्हणून मी बीजप्रक्रिया पेरणीच्या आदल्या संध्याकाळी करते. थोड्या पाण्यात गूळ विरघळवून ते पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, बियाण्यावर फक्त ओलसरपणा येईल इतकेच शिंपडावे, त्यावर किलोला ५ ग्रॅमप्रमाणे भुकटी चोळावी आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत पसरून ठेवावे. दाणा फुगता कामा नये. फुगलेला दाणा तिफणीत किंवा पेरणी यंत्रात फुटतो. सकाळी बियाणे वरून सुकलेले असते, पण त्याला चिकटलेली ट्रायकोडर्मा गुळावर जागी झालेली असते. बियाण्याला मर्यादित ओलावा देऊन बुरशीला आधी वाढू द्यायचे हे तत्त्व हार्मन आणि टेलर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत भाजीपाल्याच्या बियाण्यावर तपासले होते. तिथे त्यासाठी विशेष भरड माध्यम वापरले गेले. आपल्याकडे गोणपाटावर भागते.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ग्रॅममागे २० लाख बीजकण आणि किलोला ५ ग्रॅम भुकटी, म्हणजे किलोभर बियाण्यावर १ कोटी. ज्या देशी वाणाच्या १०० दाण्यांचे वजन २० ग्रॅमच्या आसपास असते त्याचे किलोत सुमारे ५,००० दाणे बसतात. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला २,००० बीजकण येतात, आणि तेही थेट सालीवर. तीच भुकटी किलोभर घेऊन एकरभर मातीत पसरली तर एकूण आकडा २०० कोटींचा दिसतो खरा, पण एकराच्या वरच्या वीतभर थरात लाखो किलो माती असते, त्यामुळे ग्रॅमभर मातीला दोन-तीन बीजकणही येत नाहीत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात आधी आठ-दहा दिवस वाढवून दिली तर चित्र बरेच सुधारते, कारण तिथे बुरशी संख्येने वाढते आणि जागी होऊन मातीत जाते. कोरडी भुकटी नुसती फेकणे मात्र मला पैशाचा अपव्यय वाटतो, आणि माहितीपत्रकात शेणखताचा उल्लेख असला तरी किती दिवस ओलसर ठेवायचे हे दिलेले नाही.

आमच्या शेतातील अनुभव असा की या पद्धतीने प्रक्रिया केलेल्या ओळींत पहिल्या महिन्यातील मर स्पष्टपणे कमी राहिली. उगवण एकसारखी झाली आणि नांग्या भरण्याची वेळ क्वचितच आली. फुलोऱ्यात आणि घाटे भरताना येणारी उशिराची मर मात्र पूर्णपणे थांबली नाही. रोपे अचानक मलूल होत, आणि खोड उभे चिरले की आतली वाहिनी काळपट तपकिरी दिसे. यात मला उत्पादनाचा दोष दिसत नाही. बियाण्यावर लावलेली बुरशी मुळाबरोबर काही अंतर खाली जाते, परंतु मूळ खोल आणि दूर पसरत गेले की नवीन टोके रोज नव्या मातीत शिरतात, तिथे नवा झिरपा होतो आणि तिथले क्लॅमिडोस्पोअर नव्याने रुजतात. हरभऱ्याच्या वाढीच्या संपूर्ण काळात हा संदेश जमिनीत जातच असतो. विजय किंवा जाकी ९२१८ यांसारखा मर रोगाला दाद न देणारा वाण निवडणे हाच त्यावरचा खरा आधार आहे, आणि भुकटीचे मूल्यमापन करताना तिच्याकडून वाणाचे काम अपेक्षित धरणे योग्य नाही.

आळवणीचे काय, हा प्रश्न दुकानात सर्वाधिक विचारला जातो. रोप मलूल दिसते तेव्हा बीजाणू रुजून, नळी मुळात शिरून, तंतू वाहिनीत पोहोचून बराच काळ लोटलेला असतो. पाणी वाहून नेणारी नळीच बुरशीने आणि झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारद्रव्यांनी बुजलेली असते. बाहेरून ओतलेली ट्रायकोडर्मा त्या वाहिनीत जाऊन शत्रूला गाठत नाही. शेजारची निरोगी रोपे काही प्रमाणात वाचतील अशी आशा बाळगता येते, पण त्यासाठीही बुरशी जागी करून, शेणखतातून, मुळाजवळ द्यायला हवी. ‘मर दिसताच आळवणी करा’ असे जेव्हा विक्रेता सांगतो तेव्हा त्याने विकलेली वस्तू खरी असली तरी सल्ला चुकीच्या वेळेचा असतो, आणि ज्याच्या हातात आधीच पैसा नाही त्याला तो महागात पडतो. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण पुढच्या वर्षी तोच शेतकरी ‘ट्रायकोडर्माचा काही उपयोग नाही’ म्हणून बीजप्रक्रियाही सोडून देतो.

बीजाणूला मिळणारा संदेश कमी करणे आपल्या हातात किती आहे, हा विचार या भुकटीने मला करायला लावला. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवल्याने तडा गेलेले दाणे कितीतरी अधिक झिरपतात. असे दाणे चाळून काढले तर पाकिटाचे अर्धे काम आधीच होते. काबुली हरभऱ्याची साल पातळ असते आणि देशीच्या सालीत असणारी टॅनिनसारखी संरक्षक द्रव्ये तिच्यात फारच कमी असतात, त्यामुळे काबुली बियाणे थंड ओल्या मातीत पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे सहज सडते. पिथियम तर फ्युजेरियमहूनही चपळ आहे. कॉर्नेल विद्यापीठात एरिक नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामावरून त्याच्या बीजाणूधानी (बीजाणूंच्या पिशव्या) बियाण्याच्या झिरप्याला काही तासांतच प्रतिसाद देतात हे दिसून आले. त्यांनी कापसाच्या बियाण्यातून झिरपणारे लिनोलेइक आम्ल हा त्यातला महत्त्वाचा संदेश असल्याचे ओळखले, आणि ‘एन्टरोबॅक्टर क्लोअकी’ हा जिवाणू ते आम्ल आधीच खाऊन टाकतो म्हणून बियाणे वाचते हेही दाखवले. संदेश नाहीसा करून रोग टाळता येतो याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. काबुली पेरणाऱ्याने बियाणे आदल्या संध्याकाळी जागवलेल्या ट्रायकोडर्माशिवाय पेरू नये असे मला वाटते.

सोयाबीननंतर लगेच हरभरा घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढून त्याचा पाला-काड अर्धवट गाडायचा आणि ओलाव्यावर लगेच हरभरा पेरायचा, ही आमच्याकडची रूढ पद्धत आहे. अशा शेतात जमिनीलगत खोड कुजून रोपे कोलमडतात आणि तिथे पांढऱ्या तंतूंवर मोहरीसारखे गोल दाणे दिसतात. हा मर रोग नव्हे. ही ‘स्क्लेरोशियम रॉल्फसी’मुळे होणारी कॉलर रॉट आहे आणि तिची जागे होण्याची खूण वेगळी आहे. लिंडरमन आणि गिल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात वाळलेले लसूणघास पुन्हा ओले केल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांनी हे दाणे जोमाने रुजतात असे दाखवले. शिवाय दाणे आधी वाळून मग ओले झाले की ते अधिकच जोरात फुटतात. उघडीप पडून तापलेली वरची माती, तिच्यात न कुजलेला काडीकचरा आणि त्यावर पेरणीचे पाणी, हे तिन्ही आपण एकाच आठवड्यात जुळवून आणतो. या रोगावर बियाण्याला लावलेल्या भुकटीचा परिणाम मला मर्यादितच दिसला. काडीकचरा वेचून बाहेर काढणे किंवा पुरता कुजू देणे याचा परिणाम कितीतरी अधिक होता, आणि त्यासाठी पाकीट लागत नाही.

काही जणांनी मला विचारले आहे की बीजाणूला खोटा संदेश देऊन, पीक नसतानाच रुजवून मारता येत नाही का. कांद्याच्या पांढऱ्या कुजीबाबत हे खरोखर करता येते. त्या बुरशीचे दाणे वीस वर्षांहून अधिक काळ मातीत राहू शकतात आणि कांदा-लसूणवर्गीय मुळांतून येणारी गंधकयुक्त द्रव्ये मातीतील जिवाणूंनी मोडल्यावर जो वास तयार होतो त्यावरच ते रुजतात. ब्रिटनमध्ये कोली-स्मिथ यांनी हे सविस्तर उलगडले. त्याच वासातील डायअलिल डायसल्फाइड हे द्रव्य रिकाम्या शेतात देऊन दाणे रुजवायचे आणि यजमानाअभावी, म्हणजे ज्या पिकावर ते जगतात ते नसल्याने, मरू द्यायचे, हा उपाय इंग्लंड आणि अमेरिकेत तपासला गेला. हरभऱ्याच्या फ्युजेरियमवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्याचा संदेश इतका खास नसतो. साखर आणि अमिनो आम्ले कोणत्याही मुळातून येतात, म्हणून तो तुरीच्या किंवा तणाच्या मुळाजवळही रुजतो. यजमान नसला तर काही नळ्या विरघळून नष्ट होतात, पण उरलेल्या नवे क्लॅमिडोस्पोअर बनवून पुन्हा थांबून राहतात. रिकाम्या शेतात गूळपाणी सोडून मर रोग ‘संपवण्याचा’ सल्ला कोणी देत असेल तर त्यामागचा विचार कळतो, परंतु त्यावर विसंबून राहावे असे मी म्हणणार नाही.

याच दुकानातून मी ‘स्युडोमोनास फ्लुओरेसन्स’ची भुकटीही घेऊन पाहिली आहे आणि आमच्या जमिनीसाठी ती चांगली जोड वाटते. हे जिवाणू लोह पकडणारी द्रव्ये सोडतात. एलाड आणि बेकर यांनी १९८५ साली काकडीवरील फ्युजेरियमच्या बाबतीत असे दाखवले की लोह असे बांधले गेले की क्लॅमिडोस्पोअरचे रुजणे मंदावते, म्हणजे बीजाणूला अन्नाबरोबर लोहही हवे असते. आमच्या चुनखडीच्या, जास्त सामू (पीएच) असलेल्या काळ्या जमिनीत उपलब्ध लोह आधीच कमी असते, त्यामुळे तिथे या जिवाणूंच्या कामाला बळ मिळते. दोन्ही भुकट्या एकत्र लावल्यास त्या एकमेकींना मारतात असा समज आहे. मला उगवणीत तसे काही जाणवले नाही.

रासायनिक बुरशीनाशकाबरोबर मात्र काळजी घ्यावी लागते, आणि याबाबत माहितीपत्रकातील एकच ओळ अपुरी आहे. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारते. त्याच बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम आणि मग ही भुकटी लावली तर तिचा पैसा वाया जातो. मर रोग बियाण्यातूनही येतो, त्यामुळे ज्या शेतातील बियाणे घरचे आहे आणि गेल्या वर्षी मर दिसली होती तिथे रासायनिक प्रक्रिया टाळावी असे माझे म्हणणे नाही. अशा वेळी बियाण्याला रसायन लावावे आणि ट्रायकोडर्मा शेणखतातून जमिनीत द्यावी, दोन्ही एकाच सालीवर नकोत. नत्र मिळवून देणारे रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू ट्रायकोडर्मानंतर, पेरणीच्या थोडे आधी लावावेत.

साठवणुकीचा मुद्दा मला सर्वात गंभीर वाटतो. पाकिटावर सावलीत, थंड जागी ठेवा असे लिहिलेले असते, आणि दुकानात ते पत्र्याखाली, कीटकनाशकांच्या खोक्यांवर, मे महिन्याच्या उन्हात रचलेले असते. शंखजिऱ्यातील जिवंत बीजकणांची संख्या काही महिन्यांत घटते आणि उष्णतेने ती आणखी वेगाने घटते, त्यामुळे अंतिम तारीख शिल्लक असली तरी आतला माल जिवंत असेलच असे नाही. एका हंगामात मी घेतलेल्या पाकिटाने बियाण्यावर काहीच वाढ दाखवली नाही. त्याच नावाच्या पुढच्या, ताज्या पाकिटाने दाखवली. घरी अंदाज घेण्यासाठी शिजवून थंड केलेल्या भातावर चिमूटभर भुकटी टाकून, ओल्या फडक्याने झाकून चार-पाच दिवस ठेवता येते. आधी पांढरी आणि नंतर गडद हिरवी दाट वाढ दिसली तर भुकटी जिवंत आहे असे समजायला हरकत नाही, मात्र हवेतील इतर हिरव्या बुरशीही भातावर येतात, म्हणून शेजारी भुकटी न टाकलेला भात तुलनेला ठेवावा. राहुरी, परभणी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतूनही ट्रायकोडर्मा मिळते, आणि जाणे-येणे शक्य असेल तर मी पेरणीच्या तोंडावर तिथला ताजा माल घेणे पसंत करते.

आल्याच्या कंदकुजीवर हीच भुकटी वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे शत्रू बहुतेकदा पिथियम असतो आणि साचलेल्या पाण्यात तो पोहणारे बीजाणू सोडतो. ते मुळाच्या झिरप्याच्या दिशेने स्वतः पोहत जातात, मुळाला चिकटून काही मिनिटांतच कवच घेतात आणि लगेच रुजतात. नागपुरी संत्र्याच्या बागेतील फायटोफ्थोरा या पिथियमच्या नातेवाइकाची रीतही अशीच आहे. इतक्या घाईच्या शत्रूसमोर ट्रायकोडर्माला शर्यत जिंकायला वेळच उरत नाही, म्हणून गादीवाफा, निचऱ्याचे चर आणि निरोगी बेणे यांवर आधी खर्च करावा. बेणेप्रक्रियेत भुकटी जरूर वापरावी, पण पाणी साचलेल्या सरीत ती ओतत बसू नये.

वस्तू म्हणून या भुकटीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि दीड गुण कापण्यात माहितीपत्रक व साठवणूक यांचा वाटा मोठा आहे. पाकिटावर ‘पेरणीच्या आदल्या संध्याकाळी’ हे तीन शब्द ठळक छापले, आळवणीची ओळ खाली नेली आणि कार्बेन्डाझिमबद्दलचा इशारा लाल अक्षरांत दिला तर मी आनंदाने एक गुण वाढवेन. मर येणाऱ्या जमिनीत देशी हरभरा पेरणाऱ्या, घरचे बियाणे वापरणाऱ्या आणि आदल्या संध्याकाळी तासभर काढू शकणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी. एकरी ३० किलो बियाण्याला दीडशे ग्रॅम भुकटी लागते, म्हणून शेजारी दोघा-तिघांनी मिळून एकच ताजे किलोचे पाकीट घेणे परवडते. उरलेले उघडे पाकीट पुढच्या हंगामासाठी मात्र ठेवू नये.